कुत्र्याच्या हृदयातल्या बारीक धमन्या

‘कुत्र्याला हार्ट अटॅक येत नाही.’ परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकत होते, तेव्हा हे वाक्य प्रत्येकाच्या वहीत होतं. परीक्षेत लिहिलं की गुण मिळायचे. त्यात तथ्यही आहे. माणसाच्या मोठ्या कॉरोनरी धमनीत चरबीचा थर साचतो, तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पलीकडचा स्नायू काही तासांत मरतो. कुत्र्यात हे क्वचितच घडतं, कारण त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलच्या, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या रूपात वाहतं. १९४६ मध्ये स्टाइनर आणि केंडल यांनी कुत्र्यांच्या धमन्यांत थर धरवून दाखवला, पण त्यासाठी नुसतं कोलेस्टेरॉल चारून भागलं नाही. थायोयुरॅसिल देऊन थायरॉइडचं काम दाबावं लागलं, तेव्हा कुठे ते साधलं.

या वाक्याने पशुवैद्यकाचं नुकसानही केलं, असं माझं मत आहे. शवविच्छेदनाच्या टेबलावर हृदय हातात घ्यायचं, बाहेरून दिसणाऱ्या दोन-तीन मोठ्या धमन्या कात्रीने उभ्या चिरायच्या, आत त्या गुळगुळीत दिसल्या की ‘कॉरोनरी धमन्या सामान्य’ असं लिहून पुढे जायचं. त्या धमन्यांना फुटलेल्या आणि स्नायूत शिरून केसासारख्या बारीक झालेल्या फांद्यांकडे कोण बघणार? त्या बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, वेळ लागतो आणि मुळात तिथे काही सापडेल अशी शंका यावी लागते. ती शंका यायला फार वर्षं गेली. हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या या साऱ्या इतिहासात कुत्रा सुरुवातीपासून हजर आहे. रुग्ण म्हणून मात्र त्याचं नाव फार उशिरा नोंदलं गेलं.

१६९८ मध्ये फ्रान्समधल्या पिएर शिराक यांनी कुत्र्याची कॉरोनरी धमनी बांधली आणि हृदय थांबलेलं पाहिलं. १८४२ मध्ये लंडनमध्ये जॉन एरिक्सन यांनी तोच प्रयोग अधिक पद्धतशीरपणे केला. १८८१ मध्ये जर्मनीत कोनहाइम आणि शुल्थेस-रेशबर्ग यांनी कुत्र्यांच्या धमन्या बांधून निष्कर्ष काढला की या ‘शेवटच्या’ धमन्या आहेत. एक बंद झाली की तिच्या वाट्याच्या स्नायूला दुसरीकडून रक्त मिळत नाही आणि जनावर काही मिनिटांतच जातं. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या विल्यम टाउनसेंड पोर्टर यांनी हे खोडून काढलं. धमनी बांधूनही त्यांची अनेक कुत्री जगली. १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी माणूसही कॉरोनरी गुठळीतून वाचू शकतो, असं मांडलं, तेव्हा त्यांच्या मागे कुत्र्यांवरच्या या प्रयोगांचा आधार होता. सुरुवातीला त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांचे सहकारी फ्रेड स्मिथ यांनी १९१८ मध्ये धमनी बांधलेल्या कुत्र्यांच्या ईसीजीतले बदल दाखवले, आणि मग डॉक्टरमंडळी ऐकू लागली.

ईसीजीच्या इतिहासातही एक कुत्रा आहे. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून वॉलर त्याच्या हृदयातली वीज लोकांना दाखवत. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यक्रमात जिमी उभा राहिला आणि त्याच्यावर क्रूरता झाली का, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. जिमीला काहीही इजा झाली नव्हती. धमनी बांधलेल्या असंख्य कुत्र्यांबद्दल मात्र इतक्या आपुलकीने कुणी चौकशी केल्याचं क्वचितच आढळतं.

माझ्या दृष्टीने या काळातलं सगळ्यात मोलाचं काम १९३५ चं आहे. क्लीव्हलँडमध्ये रॉबर्ट टेनंट आणि कार्ल विगर्स यांनी कुत्र्याची छाती उघडून, धमनी बंद केल्यावर तिच्या वाट्याचा स्नायू नेमका काय करतो, हे नोंदवलं. मिनिटाच्या आसपास त्या भागाचं आकुंचन संपतं. बाकीचं हृदय आकसताना तो तुकडा उलट बाहेर फुगतो. म्हणजे मिळालेलं बळ तो वाया घालवतो. स्नायू अजून मेलेला नसतो, फक्त रक्ताविना अडलेला असतो. रक्तपुरवठा आणि हृदयाचं काम यांचा संबंध इतक्या थेटपणे त्यापूर्वी कुणी दाखवला नव्हता. इकोच्या पडद्यावर आजचे कार्डिऑलॉजिस्ट भिंतीचा न हलणारा तुकडा शोधतात, त्या शोधाचं मूळ इथे आहे.

आता परळकडे येते. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली. त्याच वर्षी घोड्यांच्या ट्रामही सुरू झाल्या. ट्रामचे घोडे, मालाचे बैल, व्हिक्टोरियाचे घोडे या सगळ्यांच्या अंगावर हे शहर चालत होतं. १८८४ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याच्या शेजारी पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे झपाटलेले गृहस्थ होते. बैल, हत्ती, मेंढी अशा एकेका जनावराच्या रोगांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. कुत्र्यावरचं पुस्तक १८८८ चं. १८९१ मध्ये, चाळिशीही गाठायच्या आत ते वारले. त्या काळात महाविद्यालयाचं खरं लक्ष कष्टाच्या जनावरांकडे होतं आणि ते योग्यच होतं. ओझं ओढणाऱ्या घोड्याचं हृदय थकलं की मालकाचं पोट अडायचं. कुत्रा साहेबाच्या बंगल्यावरचा, नाहीतर रस्त्यावरचा. म्हातारपणी तो खोकायला लागला तर त्याच्या हृदयाचा पाठपुरावा करायला सवड कुणाला होती?

याच परळमध्ये, आमच्या फाटकातून चालत जाण्याइतक्या अंतरावर, १९६० च्या दशकात केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन कुत्र्यांच्या हृदयांवर काम करत होते. लोकांना ते आठवतात ते १९६८ च्या फेब्रुवारीतल्या हृदयरोपणामुळे. केपटाउनमध्ये बर्नार्ड यांनी पहिलं रोपण केल्यावर अवघ्या अडीच महिन्यांत मुंबईत तो प्रयत्न झाला. रुग्ण काही तासच जगला. या शस्त्रक्रियेची तयारी वर्षानुवर्षं कुत्र्यांवर झाली होती. पण माझ्या मते सेन यांची खरी प्रतिभा त्याआधीच्या, १९६५ च्या एका शोधनिबंधात दिसते. त्यात त्यांच्याबरोबर उडवाडिया आणि परुळकर यांचीही नावं आहेत. हेच तेहमटन उडवाडिया पुढे भारतात दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू झाले.

प्रश्न असा होता: कॉरोनरी धमन्याच निकामी झाल्या तर स्नायूला रक्त पोचवायचं कसं? उत्तर सापडलं सरपटणाऱ्या प्राण्यांत. सापाच्या हृदयाच्या भिंती स्पंजासारख्या सच्छिद्र असतात आणि त्यांचं बरंचसं पोषण कप्प्यातल्या रक्तातूनच परस्पर होतं. मग सस्तन प्राण्याच्या हृदयातही तशा वाटा पाडल्या तर? सेन यांच्या गटाने कुत्र्याच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला सुईने आरपार छिद्रं पाडली, धमनी बांधली आणि जनावर तगतं का, ते पाहिलं. या पद्धतीला त्यांनी हृदयस्नायूचं ॲक्युपंक्चर म्हटलं. निकाल आशादायक होते. पुढे लेसर आलं आणि हीच कल्पना नव्या रूपात अमेरिकेत गेली. १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने लेसरने छिद्रं पाडण्याच्या उपकरणाला मान्यता दिली. ती छिद्रं फार काळ उघडी राहत नाहीत, तंतूंनी बुजतात, हेही नंतर कळलं. तरीही मोठ्या धमनीच्या पलीकडे बघणारी, रक्त शेवटी स्नायूत शिरतं कसं असं विचारणारी ही मुंबईची मंडळी होती. याचा मला अभिमान आहे. शेजारच्या इमारतीत म्हातारी कुत्री हृदय थकून मरत होती, त्यांच्या स्नायूंतल्या बारीक धमन्या मात्र तेव्हा कुणी तपासत नव्हतं, याचं वाईटही वाटतं.

बारीक धमन्या अरुंद होण्याने काय बिघडतं, हे समजायला आणखी दोन प्रयोग लागतात. दोन्ही कुत्र्यांवरचेच.

१९७४ मध्ये लान्स गोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याची कॉरोनरी धमनी थोडी थोडी आवळत नेली. जनावर स्वस्थ असताना धमनीचा व्यास ८५ टक्के कमी होईपर्यंत रक्ताचा प्रवाह घटला नाही. कारण पुढच्या बारीक धमन्या सैल पडून तूट भरून काढत होत्या. पण रक्ताची मागणी कमाल पातळीला नेली, तर व्यास ३० ते ४५ टक्के कमी होताच प्रवाह उणा पडायला लागला. हृदयाकडे राखीव साठा असतो आणि तो बारीक धमन्यांच्या सैल पडण्यात असतो. विहिरीचं पाणी चार वाफ्यांत कसं आणि किती जायचं, हे मोटेपेक्षा बांधावरची दारं ठरवतात, तसंच. आता ही दारंच गाळाने भरली तर? मोठी धमनी सताड उघडी असूनही साठा संपलेला असतो. बसल्याजागी कुत्रा ठीक दिसतो. जिना चढला, घंटी वाजली म्हणून धावला, की हृदयाला वाढीव रक्त मिळत नाही.

दुसरा प्रयोग १९७७ चा, ड्यूक विद्यापीठातल्या रायमर आणि जेनिंग्ज यांचा. धमनी चाळीस मिनिटं बंद ठेवली तर स्नायू आतल्या अस्तराकडून मरायला लागतो. बंद ठेवण्याचा वेळ वाढवला की ही मरणाची लाट आतून बाहेर सरकते. आतला थर आधी का जातो? डावा कप्पा आकसतो तेव्हा आतल्या बाजूला दाब सर्वांत जास्त असतो, तिथल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि रक्त शिरतं ते मुख्यतः हृदय सैल पडल्यावर. ठोके वाढले की हा सैल पडण्याचा वेळच आखडतो. थकलेल्या हृदयाचे ठोके तर वाढलेलेच असतात. कप्प्याच्या पोकळीत उभे असलेले, झडपेच्या दोऱ्या धरून ठेवणारे पॅपिलरी स्नायू या साखळीच्या अगदी टोकाला आहेत. टंचाई पहिल्यांदा त्यांनाच जाणवते.

हे सगळं कुत्र्याच्या शरीरातून कळलं ते माणसाच्या उपयोगासाठी. कुत्र्याच्या स्वतःच्या हृदयरोगाची मोठी पाहणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड डेटवायलर यांनी केली. १९६५ मध्ये त्यांनी आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी चार हजारांवर कुत्र्यांचे निष्कर्ष छापले. म्हाताऱ्या कुत्र्यांत सर्वांत जास्त आढळणारा रोग झडपेचा होता. मायट्रल झडपेच्या पाळ्या जाड होतात, गाठाळतात, नीट मिटत नाहीत आणि रक्त मागे गळतं. त्यानंतर कुत्र्याचा हृदयरोग म्हणजे झडप, असं समीकरण बसलं. स्नायू आणि त्याचा रक्तपुरवठा पुन्हा मागे पडला.

तरी काही लोक बघत होते. बारीक कॉरोनरी धमन्यांसाठी आयुष्य वाहिलेले अमेरिकन डॉक्टर थॉमस जेम्स यांनी १९६८ मध्ये, धडधाकट दिसणाऱ्या आणि अचानक कोसळलेल्या डॉबरमन कुत्र्यांच्या हृदयातल्या विद्युतवाहक भागाचा अभ्यास छापला. स्वीडनमध्ये लेनार्ट योनसन यांनी १९७२ मध्ये कुत्र्याच्या कॉरोनरी धमन्यांचे विकार आणि हृदयस्नायूतले मृत तुकडे यांवर अख्खा प्रबंध लिहिला. कुत्र्यांत हे तुकडे सूक्ष्म आणि विखुरलेले असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. स्नायू जाड होण्याचा रोग झालेल्या मांजरांतही भिंतीच्या आतल्या धमन्या जाड आढळल्या. १९८६ मध्ये बॅरी मॅरन यांनी त्याच रोगाने गेलेल्या माणसांच्या हृदयांत हेच पाहिलं. ४८ पैकी ८३ टक्के हृदयांत. मग २००६ मध्ये टोर्केल फाल्क, योनसन आणि डेन्मार्कमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मायट्रल झडपेच्या रोगाने हृदय थकलेली कुत्री आणि निरोगी कुत्री शेजारी ठेवून तपासली. आजारी कुत्र्यांच्या डाव्या कप्प्यातल्या बारीक धमन्या जास्त अरुंद होत्या आणि पॅपिलरी स्नायूंत व्रणासारखे तंतू जास्त वाढले होते. ज्याला आपण निव्वळ झडपेचा रोग म्हणत होतो, त्यात धमन्यांचाही वाटा होता.

मी स्वतः हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते दादरच्या एका कुटुंबाच्या पॉमेरेनियनच्या हृदयात. ऐंशी-नव्वदच्या दशकात मुंबईच्या चाळींत आणि फ्लॅटांत पॉम घराघरांत होते, आणि म्हातारपणी त्यांचा रात्रीचा खोकला ठरलेला. मालकिणीने मोठ्या मनाने शवविच्छेदनाला परवानगी दिली होती. आमचे हॉल अटेंडंट टेबल मांडून तयार होते. मी हृदय बाहेर काढलं तसे ते म्हणाले, “बाई, केवढं गोल झालंय हे!” खरंच ते नेहमीच्या टोकदार आकाराचं राहिलं नव्हतं. झडपेच्या पाळ्यांवर मोत्यांसारख्या गाठी होत्या. मोठ्या धमन्या गुळगुळीत. सवयीप्रमाणे एवढ्यावर अहवाल लिहून झाला असता. पण पॅपिलरी स्नायूच्या टोकाशी एक फिकट, पांढुरकी रेघ दिसली, म्हणून मी त्याचा आडवा काप घेतला.

पॅराफिनमध्ये बसवून, मायक्रोटोमवर कापून, ट्रायक्रोमने रंगवलेली ती स्लाइड समोर आली. ट्रायक्रोममध्ये स्नायू लाल दिसतो आणि तंतू निळे. लाल शेतात निळी बेटं पसरली होती, आणि जवळजवळ प्रत्येक बेटाच्या मध्यात किंवा काठाला एक धमनी. तिची भिंत दुपटी-तिपटीने जाड, मधल्या थराच्या पेशी वेड्यावाकड्या रांगांत, आतल्या थरात तंतू साठलेले आणि मधोमध उरलेली वाट इतकी चिंचोळी की तिथून लाल पेशी एकामागून एक रांगेनेच जाव्यात. शेजारच्या काही स्नायूपेशी फुगलेल्या, काहींच्या पोटात रिकाम्या पोकळ्या. त्या अजून जिवंत होत्या, कामाला मात्र उरल्या नव्हत्या. त्याच हृदयाच्या बाहेरच्या थरातली धमनी मी शेजारी लावून पाहिली, ती जवळजवळ निरोगी होती. चरबीचा थर कुठेच नव्हता.

अशा हृदयाचं काम कसं बिघडतं, ते त्या निळ्या बेटांवरून वाचता येतं. तंतू आकसत नाहीत, म्हणून पंपाचा जोर घटतो. ते ताणलेही जात नाहीत, म्हणून भिंत ताठर होते, कप्पा नीट सैल पडत नाही आणि भरताना दाब मागे फुप्फुसांत साचतो. बेटांना वळसा घालून जाणाऱ्या विजेच्या वाटा वाकड्या होतात, त्यातून अनियमित ठोके उठतात. पॅपिलरी स्नायू कमजोर झाला की झडपेच्या दोऱ्यांवरची त्याची पकडही ढिली पडते आणि आधीच गळणाऱ्या झडपेची गळती वाढू शकते. महाधमनीच्या मुखाखाली जन्मजात अरुंदपणा असलेल्या न्यूफाउंडलंड, बॉक्सर अशा जातींत हीच गोष्ट तरुणपणी घडते. प्रचंड दाबाने स्नायू जाड होतो, त्यातल्या बारीक धमन्या अरुंद होतात आणि धावतं कुत्रं अचानक पडतं.

धमन्या आधी अरुंद होतात की थकलेल्या हृदयातल्या दाबाने आणि संप्रेरकांच्या माऱ्याने त्या तशा होतात, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दुसरी बाजू मला जास्त पटते. एकदा त्या अरुंद झाल्या की मग त्याच पुढचं नुकसान करतात, हे मात्र स्लाइडवर स्पष्ट दिसतं.

गेल्या काही वर्षांत उपचार खूप सुधारले. पिमोबेंडन या औषधाची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली ३६० कुत्र्यांवरची चाचणी पशुवैद्यकातली महत्त्वाची घटना आहे. झडप गळते, हृदय मोठं झालंय, पण अजून थकलेलं नाही, अशा कुत्र्यांत या औषधाने हृदय थकण्याची वेळ सुमारे पंधरा महिन्यांनी पुढे ढकलली. मुंबई-पुण्यात इको करणारे पशुवैद्य आहेत. तरी इकोच्या यंत्रावर या धमन्या दिसत नाहीत, आणि अरुंद झालेली वाट पुन्हा रुंद करणारं औषध आपल्याकडे नाही. भारतात १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगांवरचे नियम आल्यापासून कुत्र्याच्या हृदयावर वाटेल तसा प्रयोग करता येत नाही. ते चांगलंच झालं. आपल्याला हवी असलेली माहिती आता आजारी होऊन नैसर्गिकरीत्या गेलेल्या प्राण्यांकडूनच मिळायला हवी.

म्हणून ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं किंवा मांजर आहे, त्यांना माझी विनंती आहे. ते गेल्यावर शवविच्छेदनाला परवानगी द्या. शरीर सन्मानाने परत मिळतं, हे आधी विचारून घ्या. आणि पशुवैद्य मित्रांना सांगणं आहे की हृदय उघडल्यावर झडपेशी थांबू नका. डाव्या कप्प्याच्या दोन्ही पॅपिलरी स्नायूंचे आडवे काप घ्या, एक काप बाहेरच्या भिंतीचा घ्या. तुकडा सेंटिमीटरपेक्षा जाड नको. तुकड्यांच्या दहापट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ते ठेवा, बाटलीवर वय, जात आणि खोकला कधी सुरू झाला ते लिहा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवा.